तृणमण्यांतील साक्षीदार

वृक्षाच्या खोडांतून राळ पाझरते. तीवर एखादा कीटक बसतो, त्याचे पाय रुततात, आणि वरून दुसरा ओघ येऊन तो संपूर्ण झांकला जातो. युगें लोटतात. राळेचा तृणमणि बनतो. परंतु आंतील कीटकाचे पंख, मिशा, किंबहुना अंगावरील केसही ओळखूं येतात.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, उत्तरेस हुकाँग नांवाचें खोरें आहे. तेथें असा तृणमणि सांपडतो. लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळें महाराष्ट्रास परिचित झालेल्या मंडाले शहरीं स्विन्हो नांवाचे गृहस्थ राहत. त्यांनीं त्याचे तुकडे अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाचे प्राध्यापक कॉकरेल यांजकडे पाठविले. १९१६ पासून कॉकरेल यांनीं आंतील कीटकांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांत परोपजीवी गांधीलमाश्याही होत्या. अशी माशी दुसऱ्या कीटकाच्या अंगांत अथवा अंगावर अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी त्या यजमानास खाऊनच वाढते आणि अखेर त्याचा प्राण घेते.

येथें एक पेंच उत्पन्न झाला. ज्या मातींत तृणमणि सांपडे, ती भूगर्भवेत्त्यांच्या मतें पुष्कळ अलीकडची, डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरची होती. कीटकांची घडण मात्र जुनाट! मग साक्ष कोणाची मानावी, मातीची कीं माशीची? तृणमणि त्याहून पुरातन, कदाचित् क्रेटेशस युगांतीलही असेल, अशी शंका कॉकरेल यांनीं १९१७ सालींच प्रकट केली.

निर्णय लागण्यास जवळजवळ शतक लोटलें. तृणमणि धारण करणाऱ्या खडकांत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतील युरेनियमचें शिशांत किती रूपांतर झालें हें मोजून २०१२ सालीं त्या खडकाचें वय सुमारें ९ कोटी ९० लक्ष वर्षें ठरलें. माशीची साक्ष खरी ठरली; मातीचें वयच पूर्वीं चुकीचें मानलें गेलें होतें.

त्याच प्रदेशाच्या तृणमण्यांतील एका निराळ्या माशीचें वर्णन २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. तिच्या उदराच्या टोकास कीटकभक्षक वनस्पतीच्या मिटणाऱ्या पानासारखी झडप आहे. अंडें घालीपर्यंत यजमानास धरून ठेवण्यासाठीं ती असावी, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. ग्रीक पुराणांतील गिळंकृत करणाऱ्या कॅरिब्डिस राक्षसीचें नांव तिला मिळालें.

कॉकरेल १९४८ सालीं निवर्तले. आपली शंका खरी ठरलेली पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं. परंतु पुराव्यापुढें न जातां ती नोंदवून ठेवण्याचें त्यांचें कर्तव्य त्यांनीं केलें होतें.