म्हातारी बोलत होती



आपला इतिहास कुणी लिवला? महाडचंच घ्या. 20 मार्च 1927 ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग दावा झाला, 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आला. दहा वर्षांत कागदांचा ढीग पडला. पण 1927 च्याच डिसेंबरात महाडला आलेल्या बाया घरी परतल्यावर काय झालं, हे कुठल्या फायलीत सापडायचं? चळवळीतल्या बायांचं बोलणं 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आलं ते थेट 1989 साली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्या बायांपुढं जाऊन बसल्या, कान देऊन ऐकलं, म्हणून आलं.

आपण कार्यकर्ते ऐकायला जात नाही, वदवून घ्यायला जातो. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून कळतं. आठ तास तोंडाकडं बघायची सवय असलेला मी, पण वस्तीतल्या म्हातारीपुढं बसलो तर नजर वहीत. पुढचा सवाल कोणता!

14 ऑक्टोबर 1956 ला म्हातारी आठ-नऊ वर्षांची, आईचं बोट धरून नागपूरला दीक्षेच्या मैदानात होती. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. ती सांगाय लागली, "घरी आल्यावर माह्या मायनं सारे देव टोपल्यात भरले, नदीत सोडले. पण एक टाक होता, तिच्या मायचा, तो तिनं कणगीत..."

"आजी, ते राहू द्या. बाबासाहेब कसे दिसले ते सांगा."

म्हातारी गप्प झाली. मग गर्दी, पांढरी लुगडी, बावीस प्रतिज्ञा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "हे त तुमच्या पुस्तकातबी हाये, बापा."

रात्रपाळी करून आलो आणि रेकॉर्डिंग ऐकलं. माझाच आवाज जास्त. तो टाक मला नको होता, कारण आपल्या गोष्टीत तो बसत नाही. धर्मांतर झालं आणि देव गेले, एवढंच आपल्याला छापायचं असतं. पण हजारोंच्या आवाजात प्रतिज्ञा म्हणून आलेली बाई धान्यात टाक लपवते, ती कुणाला भ्याली? देवाला, सासूला, की आईची एकुलती एक खूण जाईल म्हणून? पुढं कधी तिनं तो स्वतःच्या हातानं काढून टाकला का? क्रांती घरात कशी शिरली, उंबऱ्यावर किती दिवस थांबली, हे त्या कणगीत होतं. आणि मी म्हणालो, राहू द्या.

दिवाळीनंतर परत गेलो. वही नेली नाही. मोबाईल खिशात. तिनं चहा केला, गिरणीचं विचारलं, पगार वेळेवर होतो का म्हणाली. बऱ्याच वेळानं मी टाकाचा विषय काढला.

म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं.

"कोणता टाक, बापा?"