सार्वजनिक ठिकाणी कोडं कसं लपवायचं? सकळ लिपीपासून क्यूआर कोडपर्यंत, नागपूरच्या उदाहरणांसह

कॉलेजच्या फेस्टमध्ये ट्रेझर हंट ठेवायचाय, मित्राच्या वाढदिवसाला शहरभर फिरवायचंय, किंवा "बघू या कोणाला सुटतं" म्हणून अनोळखी लोकांसमोर एक कोडं टाकायचंय. असा विचार आला की पहिला प्रश्न असतो, संदेश लपवायचा कसा? आणि दुसरा, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: लपवायचा कुठे, म्हणजे कोणाला त्रास होणार नाही?

या लेखात दोन्ही प्रश्न घेतलेत. उदाहरणं नागपूरची आणि विदर्भाची आहेत, पण पद्धत कुठल्याही गावात चालेल. कागद-पेन आणि साधा स्मार्टफोन एवढंच लागतं.

गुपित वेगळं, कोडं वेगळं

दोन्हीत अक्षरं बदललेली असतात, म्हणून ते सारखे वाटतात. पण हेतू उलटा असतो. गुपित लिहिणाऱ्याला वाटतं की ठरावीक माणूस सोडून कोणालाच ते उघडता येऊ नये. कोडं घालणाऱ्याला मात्र ते अनोळखी माणसाने उघडायलाच हवं असतं, फक्त थोडं डोकं खाजवून.

म्हणून कोड्यात एक दार ठेवावं लागतं. चावी कुठे आहे याचा इशारा त्या कोड्यातच हवा. इशारा नसेल तर ते कोडं राहत नाही, कुलूप होतं. कुलूप किती काळ टिकू शकतं, हे बघायला लांब जायची गरज नाही.

विदर्भातलं कुलूप: सकळ लिपी

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. चक्रधर स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथे तयार केला. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. पुढे चौदाव्या शतकात पंथातल्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सकळ लिपी. परंपरेनुसार ती रवळोव्यासांनी तयार केली. सुंदरी लिपी, अंक लिपी अशा आणखीही लिप्या होत्या.

सकळ लिपीचं तत्त्व आजच्या भाषेत 'सब्स्टिट्यूशन सायफर': नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून दिलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह. भाषा मराठीच, पण तक्ता हातात नसेल तर एक ओळही लागत नाही. ग्रंथांचं पावित्र्य राखायचं आणि बाहेरच्यांपासून त्यांचं रक्षण करायचं, अशी यामागची कारणं सांगितली जातात.

हे गुपित होतं, कोडं नव्हतं, आणि गुपित म्हणून ते जबरदस्त चाललं. पंथाच्या मठांत वाचन सुरू होतं, पण बाहेरच्या मराठी वाचकांपासून हे साहित्य काही शतकं लांब राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि अभ्यासकांना दार उघडलं. त्यानंतरच्या कामात नागपूरचा वाटा मोठा आहे. १९३०च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्राचे भाग छापले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्याला यातून घ्यायची गोष्ट एकच. संदेश अनोळखी माणसासाठी असेल तर कुलूप लावतानाच चावीचा रस्ताही आखा.

पद्धत १: अक्षरं सरकवणं

लहानपणी 'च'ची भाषा बोलला असाल: "मला माहीत नाही" म्हणजे "चला म, चाहीत म, चाही न". तिथे नियम एकच, तसाच इथेही एकच नियम.

व्यंजनं ओळीने लिहा: क ते म ही २५, मग य र ल व श ष स ह ळ. एकूण ३४. आता एक आकडा ठरवा, समजा ३. प्रत्येक व्यंजनाच्या जागी तीन घरं पुढचं व्यंजन लिहा. ळ नंतर परत क. स्वर आणि मात्रा तशाच ठेवा. क्ष म्हणजे क् आणि ष, ज्ञ म्हणजे ज् आणि ञ, असं सुटं करून घ्या.

नागपूर → बाचभूश

न चा ब, ग चा च, प चा भ, र चा श. झालं.

हे हाताने करा, कोडने करत असाल तर जपून. यूनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आणि ह चा २३६१, म्हणजे मध्ये ३४ नाही तर ३७ जागा आहेत. त्यात ऩ, ऱ, ऴ ही नुक्ता असलेली अक्षरंही बसलेली आहेत. शिवाय तिथे ळ शेवटी नाही, ल च्या लगेच नंतर येतो. त्यामुळे नुसता क्रमांक ३ ने वाढवला तर न चा ब होण्याऐवजी फ होतो. तुम्ही प्रोग्रामने कोडं बनवलं आणि समोरच्याने कागदावर सोडवलं, तर त्याचं उत्तर कधीच जुळणार नाही. उपाय सोपा आहे: प्रोग्रामला ३४ अक्षरांची आपली यादी द्या आणि "दुसऱ्या" मधला ऱ साधा र समजा.

हे फुटतं कसं?

सोडवणाऱ्याने काय करावं, हे कोडं घालणाऱ्याला माहीत हवं. सरकवण्याचे फक्त ३३ प्रकार आहेत, म्हणजे कंटाळा नसेल तर सगळे करून बघता येतात. पण त्याचीही गरज पडत नाही. मराठी वाक्यं वारंवार "आहे" ने संपतात. आकडा ३ असेल तर "आहे" चं "आखे" होतं. वाक्यांच्या शेवटी सारखं "आखे" दिसलं की ह चा ख झाला हे कळतं, आणि आकडाही कळतो. मात्रा न बदलल्यामुळे शब्दाचा सांगाडाही दिसत राहतो. खऱ्या गुप्ततेसाठी ही पद्धत अगदी कच्ची आहे. पासवर्ड, बँकेची माहिती असलं काही यात कधीच लिहू नका. पण कोड्यासाठी हाच कच्चेपणा म्हणजे आपलं दार.

पद्धत २: चावी शहरातच ठेवा

माझी सगळ्यात आवडती पद्धत ही. यात कागदावर फक्त आकडे असतात, आणि ते वाचायची चावी शहरात सगळ्यांसमोर असते. जुन्या काळी यासाठी पुस्तक वापरायचे: पान, ओळ, शब्द. आपण नागपूर मेट्रो घेऊ.

ऑरेंज लाइनवर सीताबर्डीपासून उत्तरेकडे स्टेशनं मोजा:

१. सीताबर्डी
२. झिरो माईल
३. कस्तुरचंद पार्क
४. गड्डीगोदाम
५. कडबी चौक

आता संदेश द्या: १-२, ५-१, ३-५. पहिला आकडा स्टेशनचा, दुसरा त्या नावातल्या अक्षराचा. सी-ता-ब-र्डी मधलं दुसरं 'ता', क-ड-बी मधलं पहिलं 'क', क-स्तु-र-चं-द मधलं पाचवं 'द'. उत्तर: ताकद.

इशारा म्हणून आकड्यांच्या वर नुसतं लिहा, "सीताबर्डीहून नारिंगी रस्त्याने वर". नागपूरच्या माणसाला तेवढं पुरे.

यात दोन गोष्टी सांभाळा. अक्षर मोजायचा नियम आधीच स्पष्ट करा: जोडाक्षर एक धरायचं, मात्रेसकट. आणि चावी टिकाऊ निवडा. दुकानाची पाटी उद्या बदलते, दगडावर कोरलेली अक्षरं बदलत नाहीत. झिरो माईलच्या दगडी खुणेवर शहरांची नावं आणि मैलांमधली अंतरं कोरलेली आहेत. आकडे आणि अक्षरं दोन्ही एका जागी! अशी जागा कोडं घालणाऱ्यासाठी सोन्याची खाण. आणि त्यासाठी तिथे काहीही चिकटवावं लागत नाही, लोकांनी फक्त जाऊन वाचायचं.

पद्धत ३: क्यूआर कोड आणि फोटो

क्यूआर कोड म्हणजे लिंकच, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात साधा मजकूरही ठेवता येतो. क्यूआर बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'टेक्स्ट' निवडा. स्कॅन केल्यावर फोनवर फक्त अक्षरं दिसतात, नेट लागत नाही, कुठली साइट उघडत नाही.

मजकूर छोटा ठेवा. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये २,९५३ बाइट मावतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि मात्राही वेगळी मोजली जाते. "नागपूर" हा शब्दच १८ बाइटचा. मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात आणि साधा कॅमेरा अडखळतो. एक-दोन ओळी ठीक. क्यूआरमध्ये चूक-दुरुस्तीची सोय असते. सगळ्यात वरची पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पावसात किंवा नागपूरच्या उन्हात कागद राहणार असेल तर तीच निवडा.

फोटोच्या फाइलमध्ये मजकूर लपवायची युक्तीही आहे. पण असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आतला मजकूर जातो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

जगात हे कोणी केलंय?

२००४ मध्ये गूगलने सिलिकॉन व्हॅलीत रस्त्याकडेला एक फलक लावला. त्यावर कंपनीचं नावही नव्हतं. ई या गणिती संख्येच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, तीच वेबसाइटचा पत्ता, एवढंच लिहिलेलं. तो नोकरभरतीचा रस्ता होता.

२०१२ मध्ये 'सिकाडा ३३०१' नावाने इंटरनेटवर एक चित्र आलं. पहिला टप्पा वर सांगितलेल्या सरकवण्याचाच होता, चार घरांचा. पुढच्या टप्प्यात वॉर्सा, पॅरिस, सोल, सिएटल अशा शहरांतल्या ठिकाणांचे जीपीएस आकडे निघाले आणि तिथे क्यूआर कोड असलेली पोस्टर सापडली. एका माणसाला एवढ्या शहरांत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून अनोळखी लोक एकमेकांशी बोलायला लागले.

कुठे काय ठेवायचं नाही

३१ जानेवारी २००७ ला अमेरिकेतल्या बोस्टन शहरात पुलाखाली आणि इतर ठिकाणी दिवे आणि वायरी असलेले छोटे फलक दिसले. एका कार्टूनची ती जाहिरात होती. पण पोलिसांना बॉम्बची शंका आली, रस्ते आणि पूल बंद झाले, फलक लावणाऱ्या दोघांना अटक झाली. शेवटी कंपनीने २० लाख डॉलर भरले. ज्याने फलक ठेवला त्याला ती गंमत वाटत होती, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?

म्हणून माझे नियम असे:

• डबा, पिशवी, गुंडाळलेली वस्तू, वायर, बॅटरी कुठेही सोडायची नाही. स्टेशन, बसस्टँड, मंदिर, मशीद, दीक्षाभूमी, बाजार, सरकारी इमारत इथे तर अजिबात नाही.
• भिंतीवर, खांबावर, हेरिटेज वास्तूवर चिकटवायचं किंवा लिहायचं नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे.
• कागद लावायचाच असेल तर परवानगी घेऊन: कॉलेजचा नोटीस बोर्ड, ओळखीच्या चहाच्या टपरीचा फलक, लायब्ररी.
• कागदावर साध्या मराठीत लिहा की हे कोडं आहे, आणि कोणत्या तारखेला काढणार. त्या तारखेला खरंच काढा.
• कोणाला रात्री, रेल्वे रुळांजवळ किंवा तलावाच्या काठावर उतरावं लागेल असं ठिकाण निवडायचं नाही.

अनोळखी क्यूआर दिसला तर?

आता उलट बाजू. रस्त्यावरचं प्रत्येक "कोडं" खेळ नसतं. स्कॅन केल्यावर फोन आधी मजकूर किंवा पत्ता दाखवतो. तो वाचा, लगेच टॅप करू नका. अ‍ॅप डाउनलोड करा, ओटीपी टाका, बक्षिसासाठी यूपीआय पिन टाका असं काही आलं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बेवारस वस्तू दिसली तर कोडं समजून हात लावू नका, ११२ वर कळवा.

तुमचं कोडं स्कॅन करणारा माणूस तुमच्यावर भरवसा ठेवून फोन पुढे करतो. म्हणून मी लिंक टाकत नाही, फक्त मजकूर ठेवतो. एकदा फसलेला माणूस पुढचं चांगलं कोडंही सोडवत नाही.

थोडक्यात

संदेश छोटा ठेवा, नियम एकच ठेवा, चावीचा इशारा द्या, आणि जमेल तिथे वस्तू न ठेवता जागेलाच चावी बनवा. ओळखीच्या नसलेल्या एखाद्या माणसाला आधी सोडवायला द्या. त्याला अर्ध्या तासात दार सापडलं नाही तर इशारा वाढवा.

आता तुमची पाळी. पद्धत १ वापरली आहे, पण आकडा ३ नाही. शेवटचा शब्द आधी बघा:

डाखी ङसोळ आचे