आधी पठाण बघ

गेल्या एप्रिलात भाचा गॅरेजवर आला तो मोबाईल पुढे धरूनच. नागावच्या एका वाडीतल्या पडक्या पडवीत उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड. दोन दरवाज्यांची, वर छत नाही, एका बाजूचा दिवा फुटलेला. मालक वारले, मुलं ठाण्याला आणि परदेशात. वाडी विकायची आहे आणि त्याआधी गाडी हलवायची आहे. दीड लाख सांगतात. ‘‘मामा, घेऊ का?’’

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उद्या सकाळी जाऊ म्हटलं, आणि जुने कपडे घालून ये, गाडीखाली झोपायचंय.

आमच्या घरात ही रीत आजोबांपासूनची. ते रेवदंड्याला होड्या आणि मचवे दुरुस्त करायचे. कोणी जुना मचवा घ्यायला निघाला की आजोबांना सोबत न्यायचा. विकणाऱ्याने नवा रंग काढलेला असायचाच, आजोबा रंगाकडे बघायचेही नाहीत. ओहोटीला मचवा एका अंगावर कलला की वाकून आधी पठाण बघायचे. पठाण म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, ज्यावर सगळी होडी उभी असते. मग खिळ्यांच्या ओळी. सागाची फळी पिढ्या काढते, पण तिच्यातला लोखंडी खिळा गंजला की भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडतं. तिथे टोच्या मारायचा. सगळ्यात शेवटी आत उतरून तळाशी साचलेल्या पाण्याचा वास घ्यायचा. ‘‘फळी बदलता येते. पठाण बदलायचा म्हणजे नवी होडी,’’ हे त्यांचं वाक्य वडिलांनी उचललं, आणि वडिलांचं मी.

वडील होडीच्या कामात राहिले नाहीत. साठीच्या दशकात गिरगावातल्या एका गॅरेजात हाताखालचा पोऱ्या म्हणून लागले, मिस्त्री झाले आणि अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकायला परत आले. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. मुंबईहून माणसं भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला यायची, पण गाडी आणायची तर पनवेल, पेण, वडखळ असा वळसा. म्हणून इथे गाडी आली की ती सहसा परत जात नसे. मुंबईच्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या की किहीम, आवास, नागावच्या वाड्यांत येऊन राहायच्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, त्यानंतर तर फियाट आणि हेराल्ड बऱ्याच स्वस्त झाल्या. आमचं गॅरेज त्या गाड्यांवर उभं राहिलं.

हेराल्डला स्पोर्ट्‌स गाडी म्हटलं तर आजची मुलं चमकतात. तिचं इंजिन जेमतेम ९४८ सीसीचं. पण त्या काळाकडे बघा. १९४९ साली सरकारने तयार गाड्यांची आयात बंद केली. १९५३ नंतर, जे इथेच सुटे भाग बनवतील त्यांनीच धंदा करावा असं धोरण झालं आणि जनरल मोटर्सने १९२८ पासून चालवलेला शिवडीचा जोडणी कारखाना आवरता घेतला. फोर्डही गेली. उरल्या मुख्यतः तीन: कोलकात्याकडची हिंदुस्थान, वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबेसिडर आणि फियाट घरच्या गाड्या, सासू-सासऱ्यांना बसवून नेण्याच्या. १९६१ साली मद्रासहून आलेली हेराल्ड मात्र तरुण माणसाची गाडी होती. इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेली, मागे पंखांसारखे कोपरे, दोन दरवाजे, आणि पंचवीस फुटांत पूर्ण वळणारी. विलायतेत तिचीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायंफने स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्‌स गाडी काढली. स्पिटफायर आपल्या माणसाच्या हाती लागणं अवघड, म्हणून त्याने हेराल्डचं छत उतरवलं.

‘उतरवलं’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. या गाडीचं छत बोल्टवर असतं, कापावं लागत नाही. याला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये ज्या कारखान्याकडून बॉडी घ्यायची तो प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला, तेव्हा स्टँडर्ड-ट्रायंफने वेगळी चासी केली आणि बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी बनवून तिच्यावर बोल्टने जोडले. मोठा प्रेस नसल्याची अडचण आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांच्या पथ्यावर पडली. एक तुकडा सडला तर तेवढाच काढा. बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे उलटतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. वडील म्हणायचे, ही गाडी होडीसारखी बांधलेली आहे. मला इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

सकाळी सात वाजता वाडीत पोचलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथे धडकलं तेव्हा पडवीवर सुपारीचं झाड पडलं होतं. दिवा तेव्हाच फुटलेला. त्यानंतरचे पावसाळे गाडीने अर्ध्या छपराखाली काढले होते. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसला तरी खारं वारं असतंच. मीठ स्वतःकडे ओल ओढून घेतं, म्हणून इथला पत्रा हिवाळ्यातसुद्धा पुरता सुकत नाही.

भाचा सीटवर बसून स्टेअरिंग धरून बघत होता. मी त्याला खाली बोलावलं. दारांखालच्या पत्र्यावर चुंबक फिरवलं, दोन्हीकडे ते घसरून पडलं. म्हणजे आत पत्रा नाही, लांबी आहे. हे फळीचं काम, चिंता नाही. मग चासी. मधल्या दोन मुख्य दांड्या आणि त्यांना बाजूने फुटलेले हात, ज्यांवर बॉडीच्या कडा बसतात. डाव्या मागच्या हातावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हलकेच दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाल भुसा माझ्या गळ्यावर पडला. भाच्याचा चेहरा उतरला. मी काही न बोलता मुख्य दांड्यांवर हातोडीने ठोकत पुढे सरकलो. दर वितीवर एक ठोका. खण्‌, खण्‌, खण्‌. एकदाही बद्द आवाज आला नाही. पडवीची जमीन उंच चिऱ्याची होती आणि कोणीतरी जाणत्याने गाडी चारही बाजूंनी दगडांवर चढवून ठेवली होती. तिचा पठाण वाचला होता.

मग मी पुढच्या चाकापाशी गेलो. हेराल्ड घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. पुढच्या चाकाचा खांब खालच्या टोकाला आट्यांनी एका पितळी तुकड्यात बसतो, चाक वळेल तसा त्यात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअरचं ९० नंबरचं तेल घालायचं असतं. घाईचा मेकॅनिक ग्रीस मारतो. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, तिथे पाणी राहतं, लोखंड आतून खाल्लं जातं, आणि एक दिवस वळणावर खांब तुटून चाक आडवं होतं. वडिलांनी पोयनाडच्या पुढे अशी एक गाडी शेतात गेलेली पाहिली होती. या गाडीत ग्रीस होतं. दोन्ही बाजू बदलाव्या लागणार, त्याशिवाय ती ढकलतसुद्धा रस्त्यावर आणायची नाही.

इंजिन जाम होतं, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून आठ दिवस थांबू, नाही सुटलं तर उतरवू, बोअरिंग करू, रिंग-पिस्टन घालू. ते खर्चाचं काम आहे, अशक्य नाही.

भाच्याच्या मनात दुसरी एक गाडीही होती, पनवेलला पाहिलेली सॅन स्टॉर्म. बंगळूरच्या सॅन कंपनीने नव्वदीच्या अखेरीस गोव्यात बनवलेली दोन माणसांची उघडी गाडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, बॉडी फायबरची. फायबर गंजत नाही, म्हणून किनाऱ्यावर तीच बरी असं त्याचं म्हणणं. पण ब्रेकच्या नळ्या आणि बोल्ट फायबरचे नसतात. आणि फार थोड्या बनल्या, त्यामुळे काच फुटली की माणूस महिनोन्‌महिने अडकतो. ती मी नको म्हटलं.

हेराल्डच्या कागदांनी मात्र अर्धा दिवस खाल्ला. आरसी बुकावर १९६५ साल, पत्ता ‘जि. कुलाबा’. २०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांच्या वरची गाडी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, नोंदणी दहा वर्षांची, फी वीस हजार. रोज ऑफिसला न्यायची मुभा नाही, मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आणि त्याआधी सगळ्या वारसांच्या सह्या. छत नसलेली गाडी ‘मूळची’ कशी दाखवणार, इथे आम्ही अडलो. तेव्हा वाडी राखणाऱ्या आजी म्हणाल्या, ‘‘ते पत्र्याचं होय? ते खुराड्यावर हाय.’’ विहिरीमागे कोंबड्यांच्या खुराड्यावर हेराल्डचं छत उपडं न पडता नीट सरळ बसवलेलं होतं. बोल्टची भोकं शाबूत. खुराड्यावर आम्ही नवे सिमेंटचे पत्रे घालून दिले.

भाच्याला मी घे म्हटलं, पण नव्वद हजारांना आणि तीन अटींवर. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. रंगाचं नाव काढण्याआधी बॉडी उतरवून चासीचे सडलेले हात नव्याने बनवायचे. आणि १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढून शाकारतात, त्याच सुमाराला दरवर्षी गाडी गोड्या पाण्याने खालून धुवायची, तेल मारायचं आणि दगडांवर चढवायची. नारळी पौर्णिमेनंतर खाली उतरवायची. त्याने तिन्ही मान्य केल्या, वारसांनी पंच्याण्णवला दिली.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांत अशा गाड्या अजून उभ्या आहेत, हे मी डोळ्यांनी पाहतो. रो-रोने आणि अटल सेतूवरून आता गिऱ्हाईक येतं आणि रंग बघून भाव करतं. तुमच्याकडे एखादी असेल तर विकायची की ठेवायची ते सावकाश ठरवा. पण अंगाला चिकटलेली ताडपत्री आजच काढा, तिच्याखाली ओल कोंडते. चाकांखाली चार चिरे द्या आणि वरून झापांचं छप्पर करा, चहूबाजूंनी वारा खेळेल असं.