फाटकापासून पोर्चपर्यंत



नव्या घराच्या गाडीवाटेला काय घालावे? सिमेंट तसे अलीकडचे. चुनखडी व माती भाजून केलेल्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये 1824 साली घेतले. डांबर-खडीचे पेटंट हूलीचे, 1902 चे. कर्नाटकातली आपली शहाबादीही चुनखडीच, पण थरांतून निघालेली, न भाजलेली. पृथ्वीकायाची हिंसा दोन्हींत होते. भट्टीतली अग्निकायाची शहाबादीला लागत नाही.

आहाराला मुनिमहाराज याच वाटेने अनवाणी येतात, चार हात जमीन पाहत. डांबर उन्हात पोळते. पेव्हरच्या सांध्यांत मुंग्या घर करतात, पावसाळ्यात शेवाळ धरते. म्हणून मी जाड, खडबडीत शहाबादी घेतली. सिमेंट फक्त सांध्यांपुरते, उतार बागेकडे. पाणी मातीत मुरते आणि पायाखालचा जीव वेळीच दिसतो.