क्रोमखालचे निकेल

वरळीच्या कारखान्यातली हिंद सायकल जिन्याखालून बाहेर काढली, की पहिला प्रश्न पडतो क्रोमचा. फ्रेम बहुधा काळ्या इनॅमलची; चकाकी हँडल, रिम, क्रँक यांवर. ही चकाकी घरी परत आणता येते का, याचे उत्तर थरांच्या रचनेत आहे.

पोलादावर, कधी आधी तांब्याचा हात देऊन, साधारण १० ते ३० मायक्रॉन निकेल चढवतात. त्यावरचे क्रोमियम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. म्हणजे आपण जिला क्रोमची चमक म्हणतो ती बव्हंशी निकेलची. क्रोमियम तिला काळवंडू देत नाही, कठीणपणा देते आणि किंचित निळसर छटा देते. या पातळ थराला सूक्ष्म भेगा असतातच. निकेललाही छिद्र असले की वर्सोव्याची खारी, दमट हवा थेट पोलादापर्यंत पोहोचते. निकेलपेक्षा लोखंड अधिक सहज विरघळणारे, त्यामुळे भोवतालचा सारा निकेल कॅथोड होतो आणि टाचणीच्या टोकाएवढे लोखंड ॲनोड. गंज आडवा न पसरता खोल उतरतो. वर दिसणारा तपकिरी डाग मात्र छिद्रापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि आशा धरायला जागा आहे ती इथेच.

म्हणून आधी रंग पाहावा. निळसर चमकेवर तपकिरी ठिपके असतील तर थर शाबूत आहे. पिवळसर झाक म्हणजे क्रोमियम गेले, निकेल उरले. ते पॉलिशने उजळते, पण पुन्हा मंदावते. पापुद्रे सुटले असतील तर घरचा उपाय संपला.

पहिल्या अवस्थेत स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावी. ॲल्युमिनियम क्रोमियमहून पुष्कळ मऊ, त्यामुळे चरे न पडता भुसभुशीत गंज निघतो. पॉलिश पेपर मुळीच लावू नये. अर्ध्या मायक्रॉनला तो सोसत नाही. हट्टी डागांना लिटरभर पाण्यात १०-१५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मेण. छिद्रे बुजत नाहीत, मेण त्यांत फक्त पाणी शिरू देत नाही. ते मृगाआधी लावावे, पावसाळ्यात पुन्हा. संडास धुण्याचे ॲसिड कधीही वापरू नये: हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियमच विरघळते.

नवा थर घरी चढवण्याचा विचार मी ठामपणे नाकारतो. पारंपरिक कुंडात लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असते. विजेचा बहुतेक भाग हायड्रोजन बनवण्यात जातो आणि त्याचे बुडबुडे षट्संयुजी क्रोमियमचे तुषार हवेत उडवतात. ते सिद्ध कर्करोगकारक आहे. उरलेले द्रावण मरोळ-साकीनाक्याकडच्या मोरीत ओतले, तर ते मिठी नदीतच जाणार.

प्लेटिंगवाल्याकडे द्यायचे तर हँडल-रिम निःशंक द्यावेत. पूर्ण फ्रेम विचार करून. ब्रेझिंगच्या सांध्यांत आम्ल अडकून नळी आतून कुजते, आणि बफिंगमध्ये ठोकलेला नंबर पुसट होतो. सीटच्या स्प्रिंगा दिल्याच, तर प्लेटिंगनंतर लगेच सुमारे १९० अंश सेल्सिअसवर काही तास भाजून घ्यायला सांगाव्यात. पोलादात शिरलेला हायड्रोजन निघाला नाही तर त्या अचानक मोडतात.