ब्रँडीची बाटली आणि तात्या विंचू

गेल्या साली सहामाही परीक्षा आटोपल्यावर नववीच्या मुलांना मी ‘ब्रँडीची बाटली’ दाखवली. हे वाक्य नुसते वाचले तर वाचकांचा गैरसमज व्हायचा. आमच्या मुख्याध्यापकांचा तो झालाच होता. हा १९३९ सालचा बोलपट आहे, कथा आचार्य अत्र्यांची आणि दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, असे सांगितले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी, “नाव मात्र फळ्यावर लिहू नका हो मास्तर,” असे त्यांनी बजावलेच.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकपुढे शिकलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून शाळेतले सहकारी मला जुन्या गोष्टींचा वकील समजतात. विज्ञानाचे एक तरुण शिक्षक एकदा चहा पिताना म्हणाले, “सर, तुमचे ते जुने धडपडीचे आणि नकलांचे विनोदी चित्रपट आता कोणाला हसवत नाहीत. लोक हसतात ते आठवणीला.” हा घाव मला लागला. कारण माझी पहिली कादंबरी हे जुन्या ग्रामीण कादंबऱ्यांचे विडंबन होते, आणि ती वाचून आजवर कोणी हसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चित्रपटातला बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भिडस्त कारकून. ही भूमिका दामूअण्णा मालवणकरांची. ज्या मुलीवर त्याचे मन बसले आहे तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी असते, आणि ब्रँडी म्हणजे काय चीज आहे हे या साध्याभोळ्या माणसाला ठाऊकच नाही. तो ती शोधत हिंडतो. त्या साली मुंबईत दारूबंदी येत होती, म्हणून तेव्हाच्या प्रेक्षकांना हा विषय ताजा होता. हे सगळे आधी समजावून सांगावे म्हणून मी टिपण काढून नेले होते, पण वर्ध्याला आजोळ असलेला एक पोरगा मध्येच म्हणाला, “सर, आमच्या मामाच्या गावाला अजून तसंच आहे.” खरेच आहे, वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. टिपण मी घडी करून खिशात घातले. ऐंशीहून अधिक वर्षांचा तो चित्रपट, आवाज खरखरीत, चित्र धुरकट. पण बगाराम भलत्याच माणसांना भाबडेपणाने प्रश्न विचारू लागला आणि पोरे बाकांवर लोळायला लागली. विज्ञानाचे शिक्षक दारात उभे होते. तेही हसले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही, असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी त्याच आनंदात मी वर्गात ‘झेंडूची फुले’ घेऊन गेलो. अत्र्यांनीच केशवकुमार या नावाने १९२५ साली काढलेला हा विडंबनांचा संग्रह. त्या काळच्या कवींची, विशेषतः रविकिरण मंडळाच्या वळणाची, अशी थट्टा मराठीत आधी झाली नव्हती. मी वाचत होतो आणि मुले सभ्यपणे ऐकत होती. या सभ्यपणाइतकी विनोदाला मारक गोष्ट दुसरी नसेल. मूळ कविता त्यांनी वाचलेल्या नव्हत्या, तर त्यांची नक्कल त्यांना कशी कळावी? विडंबन हे बांडगूळ आहे, झाड वाळले की तेही वाळते, असे मी मनाशी ठरवून टाकले. माझ्या कादंबरीच्या मरणाचे कारणही त्यात आयतेच सापडले, हे कबूल केले पाहिजे.

पण हा सिद्धांत चार दिवससुद्धा टिकला नाही. शाळेच्या मैदानावर पाचवीतली पोरे तात्या विंचू होऊन एकमेकांच्या मागे धावत होती. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालचा; तेव्हा मी स्वतः त्यांच्याएवढाच होतो. मरता मरता गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन भयपटातली. आपल्याकडे तिचे प्रहसन झाले. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची भेदरलेली धांदल, एवढ्यावर ते उभे आहे. लक्ष्मीकांत २००४ साली गेले. या पोरांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, आणि त्या अमेरिकन बाहुल्याचे तर त्यांनी नावही ऐकलेले नाही. म्हणजे झाड कोणी पाहिले नाही आणि बांडगूळ फुलले आहे.

अमेरिकेतही हेच घडले. १९५७ साली ‘झीरो अवर’ नावाचा एक गंभीर चित्रपट आला. विमानातल्या जेवणातून विषबाधा होते आणि युद्धातला एक खचलेला वैमानिक विमान उतरवतो. १९८० साली तिघा विनोदी लेखकांनी त्याचे हक्क घेऊन, त्यातले कितीतरी संवाद जसेच्या तसे ठेवून ‘एअरप्लेन’ काढला. भूमिका दिल्या त्या लेस्ली नील्सनसारख्या तोवर गंभीर कामे करणाऱ्या नटांना, आणि त्यांनी कामेही गंभीरपणेच केली. आज मूळ चित्रपटाची आठवण निघते ती या नकलेमुळे. आम्हा वाशीमकरांना याचे नवल वाटू नये. आमचे हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या सर्वसेन राजाचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य हरवले आहे आणि दुसऱ्यांच्या अलंकारग्रंथांतल्या उताऱ्यांपुरते उरले आहे.

मग फरक कशात? मला वाटते, केशवकुमारांना हसण्यासाठी मूळ कविता डोळ्यांपुढे लागते. बगाराम, लक्ष्या आणि तो विमानातला डॉक्टर यांना तसले काही लागत नाही. ते आपापल्या कामात मनापासून बुडालेले असतात, आपण हास्यास्पद दिसतो आहोत याची त्यांना गंधवार्ता नसते. माझ्या कादंबरीतला पाटील मात्र पानापानावर वाचकाला डोळा मारीत होता.

डोळ्यावरून आठवले, आणि ते सांगायचे मी मघापासून टाळतो आहे. दामूअण्णांचे डोळे तिरळे होते, आणि त्या काळचा प्रेक्षक त्या डोळ्यांनाही हसत असे. आमच्या वर्गात एक तिरळा मुलगा आहे. पडद्यावर दामूअण्णांचा चेहरा जवळून आला तेव्हा वर्ग हसला आणि मग तीन-चार मुले मागे वळून त्याच्याकडे पाहून पुन्हा हसली. वर्षानुवर्षे मी चेहरे काढायला शिकवतो, डोळ्यांची जागा मोजायला शिकवतो. तरी चित्रपट निवडताना हा मुलगा माझ्या ध्यानात आला नव्हता. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे नाव ‘दामूअण्णा’ पडले होते. जुना विनोद टिकतो की नाही याचा हा पुरावा मला नको होता. मुलांना मी रागावलो, पण नाव काही पुसले गेले नाही. मी रागावल्याने ते अधिकच पक्के झाले असावे.

पंधरा दिवसांनी तो मुलगा चित्रकलेच्या खोलीत आला. वही पुढे करून उभा राहिला, आणि मग म्हणाला, “सर, त्यांचे अजून पिक्चर आहेत का?”

“कोणाचे?” मी उगाच विचारले.

“दामूअण्णांचे.”

तो हे कशासाठी विचारतो आहे, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ आहे, असे मी सांगितले. त्यात ते ब्रह्मचर्यावर व्याख्याने झोडणारे देशभक्त झाले आहेत आणि त्यांचे ऐकून एक तरुण नटनट्यांची चित्रे फेकून देऊन आश्रमासारख्या संस्थेत जाऊन राहतो, हेही सांगितले. “म्हणजे लोक त्यांचं ऐकतात?” त्याने विचारले. ऐकतात, मी म्हणालो.

तो चित्रपट दाखवावा की नाही याचा विचार मी अजून करतो आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले तेव्हा ते मात्र प्रसन्न झाले. नाव फार चांगले आहे, म्हणाले, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.