तऱ्हाळ्याचा नाणेनिधी आणि नाण्यांचे किरकोळ दुकान

१९३९ साली वऱ्हाडातील तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आज ते वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात आहे. यवतमाळ जिल्ह्याची हद्द तिथून फार लांब नाही. पुसद तालुका तर १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यातच मोडत असे, आणि यवतमाळ जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे हा निधी यवतमाळच्या इतिहासाचाही शेजारीच.

निधीत दीड हजारांहून अधिक नाणी होती, पण सोने-चांदी नव्हती. सगळी पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील आणि शिसे मिसळून केलेल्या हिणकस धातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याभोवती ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले ‘उज्जैन चिन्ह’. सोनाराच्या तराजूत अशा नाण्याला जवळपास शून्य किंमत.

या नाण्यांची एक खोड आहे. ठसा मोठा आणि नाण्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एकावर ‘रञो सिरि’ एवढेच दिसते, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरे, तिसऱ्यावर शेवटचे ‘कणिस’. राजाचे नाव वाचायचे तर एकाच ठशाची पुष्कळ नाणी शेजारी शेजारी मांडावी लागतात. वा. वि. मिराशी यांनी तऱ्हाळ्याच्या नाण्यांचे वाचन केले, तेव्हा गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या परिचित नावांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावेही समोर आली. पुराणांतील आंध्र राजांच्या यादीत हे तिघे नाहीत. त्यांचे अस्तित्व या हिणकस चकत्यांनी सांगितले, तेही नाणी एकत्र होती म्हणून. हाच निधी शंभर-दोनशेच्या पुडक्यांनी बाजारात फुटला असता, तर त्या अर्धवट अक्षरांना कुणी अर्थ लावला असता?

मग जुनी नाणी विकणारा व्यापारी इतिहासाचा वैरीच मानायचा का? दुर्मिळ नाण्यांचा लिलाव करणाऱ्या एखाद्या पेढीला किरकोळ विक्री वाढवायची असेल, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, वणी अशा गावांतील गिऱ्हाईक जोडायचे असेल, तर तिच्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. जाहिरातीचा क्रम त्यानंतर येतो.

आधी कायदा पाहू. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास शिक्षा आहे. सरकारला ते हवे असेल तर मोबदला मिळतो तो धातूच्या किमतीइतका आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याच्या होनाला हा हिशेब बरा वाटेल. पण पोटीनच्या धातूला किंमतच नाही, मग तिच्या पंचमांशाचे मोल ते काय! कायदा धातू मोजतो, बाजार दुर्मिळता मोजतो. नांगराच्या फाळाला मडके लागल्यावर शेतकऱ्याने कचेरी गाठण्याऐवजी गुपचूप ओळखीच्या दलालाकडे जावे, याचे बीज या दरीत आहे. त्या दलालाकडून, कुठे सापडले हे न विचारता माल उचलणारी पेढी स्वस्तात खरेदी करते खरी, पण विकते ते अर्धे मुके नाणे.

ब्रिटिश काळात यावर एक शहाणपणाची पद्धत होती. निधी तज्ज्ञांकडून तपासला जाई, संग्रहालयांचा वाटा दिला जाई आणि उरलेली नाणी विक्रीला निघत. संग्राहकाला नाणे मिळे, पण त्याआधी नोंद झालेली असे. हा क्रम आजच्या पेढीलाही उचलता येईल. जुना खासगी संग्रह हाती आला की फोडण्याआधी त्याचे वजन, छायाचित्र आणि वाचन प्रसिद्ध करावे, मग एकेक नाणे दुकानात ठेवावे. खर्च होईल. पण त्या यादीचा क्रमांक ज्या नाण्याच्या पाकिटावर असेल, त्याचे मोल शेजारच्या निनावी नाण्यापेक्षा जास्तच राहील.

गिऱ्हाईक देशातच शोधावे लागणार, हेही कायद्यानेच ठरवले आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष आहे. खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही आणि पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. बडे बोलीदार मोजकेच असतात. लिलावात गाजणारी सोन्याची मोहर एकदाच विकली जाते. दुकान चालते ते साध्या नाण्यांवर. लंडनच्या स्पिंक पेढीने हे फार पूर्वी ओळखले होते. १८९२ पासून ती ‘न्यूमिस्मॅटिक सर्क्युलर’ काढू लागली: ठरलेल्या किमतींसह नाण्यांची यादी आणि त्याच अंकात अभ्यासलेख. घरी बसलेला वाचक लेख वाचता वाचता गिऱ्हाईक होत गेला. मराठीत असे नियतकालिक काढणाऱ्या पेढीला यवतमाळच्या महाविद्यालयीन वाचनालयातही वाचक भेटतील.

मराठी संग्राहकाचे पहिले नाणे बहुधा शिवराई असते, आणि पहिली फसवणूकही तिथेच होते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा लेख असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनंतरही त्यांच्याच नावाने पाडले जात राहिले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात होते. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उत्तरकालीन आहे. ती ‘महाराजांच्या हातची’ म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारणारा विक्रेता एक गिऱ्हाईक कमावतो आणि त्याच्या कानावर खरे येताच दहा गमावतो. दुदांडीला दुदांडी म्हणून, रास्त भावात विकले तरी ती विकली जाते. (चिंच लावून लख्ख घासलेल्या शिवरायांबद्दल न बोललेलेच बरे. तांब्यावरची जुनी झाक हाच नाण्याच्या वयाचा एक पुरावा. तो घासून टाकायचा आणि वर ‘पॉलिश केलेले’ म्हणून दोन पैसे जास्त मागायचे!)

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे, नागपूरला १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. पेढीने आपल्या विक्रेत्याला तिथे चार दिवस धाडले, तर काउंटरवरची भाषाच बदलेल. वणीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने साठवलेल्या पैशांतून पोटीनचे एक नाणे मागवले, तर पाकिटावर वजन, धातू, ठशाचे वर्णन, वाचता येणारी अक्षरे, आधीच्या संग्रहाचे नाव आणि खोटे ठरल्यास पूर्ण पैसे परत करण्याची लेखी हमी असावी. अक्षरे तीनच वाचता येत असतील, तर तीनच लिहावीत.